कॉलेजच्या तीन किल्ल्या



प्रवेशाचे दिवस होते. स्टाफरूममध्ये मी अर्ज तपासत बसलो होतो. एक शेतकरी पालक मुलीला बरोबर घेऊन आले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "सर, एक इचारू का? जिल्ह्याच्या गावाला त्या मोठ्या कॉलेजच्या फाटकावर 'स्वायत्त' अशी पाटी लागलीया. पोरीला तिथं घालावं म्हणतोय. पन ह्ये स्वायत्त म्हंजी काय वो? सरकारनं हात काढून घेतला का? फी वाढणार का? आन् डिग्री चालंल न्हवं?"

मी म्हटले, "बसा काका. चहा घ्या." चहा येईपर्यंत मी त्यांना थोडक्यात उत्तर दिले. ते समाधानाने गेले, पण माझे मात्र समाधान झाले नाही. त्यांनी सहज विचारलेले ते तीन प्रश्न साधे नव्हते. ते राहिलेच. आज त्याच प्रश्नांची उकल, आपल्याला वेळ असेल तर, जरा सावकाशीने करू.

कॉलेज कोण चालवते? आपण म्हणतो, प्राचार्य चालवतात. कोणी म्हणेल, संस्थेचे अध्यक्ष चालवतात. खरे पाहता कॉलेजच्या कारभाराला तीन किल्ल्या असतात. पहिली पैशाची : पगार आणि खर्च कोण देतो? दुसरी परीक्षेची : काय शिकवायचे आणि कोण पास, कोण नापास, हे कोण ठरवतो? तिसरी नेमणुकीची : शिक्षक, प्राचार्य आणि वरचे अधिकारी कोण नेमतो? या तीन किल्ल्या ज्याच्या कमरेला, कॉलेज त्याचे. मग फाटकावर पाटी कोणाचीही असो.

या किल्ल्या घडवल्या त्या इंग्रजी राजवटीत. १८५४ सालच्या जुलै महिन्यात चार्ल्स वुड यांचा प्रसिद्ध खलिता लंडनहून निघाला. त्यात हिंदुस्थानच्या शिक्षणाबद्दल दोन महत्त्वाच्या गोष्टी होत्या. एक अशी की, सगळ्या शाळा-कॉलेजे सरकारने स्वतः काढू नयेत; खाजगी संस्थांना पैशाची मदत द्यावी, आणि मदत घेणाऱ्याने सरकारी तपासणी मान्य करावी. आज ज्याला आपण 'अनुदान' म्हणतो, त्याचे मूळ इथे आहे. दुसरी गोष्ट अशी की, इलाख्याच्या मुख्य शहरांत विद्यापीठे काढावीत, आणि ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर असावीत.

आता हे लंडन विद्यापीठ त्या वेळी कसे होते, ते लक्षात घ्या. ऑक्सफर्ड-केंब्रिजसारखे ते नव्हते. १८३६ साली त्याला सनद मिळाली ती परीक्षा घेण्यासाठी आणि पदव्या देण्यासाठी. शिकवायचे कॉलेजांनी, आणि परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. हाच साचा उचलून १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे तीन विद्यापीठे उभी केली. मुंबई विद्यापीठाचा कायदा त्या वर्षीच्या १८ जुलैचा. उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला होता, आणि इथे विद्यापीठाचा मसुदा मंजूर होत होता. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन हेच पहिले कुलपती झाले. कुलगुरू सरकारने नेमायचा. विद्यापीठाचा कारभार पाहणारे जे 'फेलो', त्यांची नेमणूकही सरकारनेच करायची, आणि तीही तहहयात.

म्हणजे झाले काय? शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. बियाणे एकाने द्यायचे, पेरणी-खुरपणी दुसऱ्याने करायची, आणि खळ्यावर माप घ्यायला तिसऱ्याने यायचे. पेरणाऱ्याला बियाणे निवडता येत नाही आणि मापालाही हात लावता येत नाही. कॉलेजातला शिक्षक हा असा पेरणारा झाला.

या व्यवस्थेने नुकसानच केले, असे मात्र मी म्हणणार नाही. तिच्यात एक मोठा गुण होता. माप सगळ्यांना एकच होते. कॉलेज लहान असो की मोठे, गावात असो की मुंबईत, परीक्षा एकच आणि पदवीही एकच. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले बी. ए. बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पुढे खेड्यापाड्यांतली मुले याच एका मापाच्या आधाराने वर आली. तपासणारा परका असेल, तर गावच्या पाटलाचा मुलगा आणि गड्याचा मुलगा यांचे पेपर एकाच नजरेने पाहिले जातील, ही आशा खोटी नव्हती. हा गुण ध्यानात ठेवा. पुढे त्याची गरज लागणार आहे.

मग कळ कुठे होती? किल्ल्या वरच्याच हातात होत्या, आणि वरचा हात परका होता. शिक्षण जागे होऊ लागले, तसतशा त्या किल्ल्या घट्ट फिरू लागल्या. लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय असताना १९०४ साली विद्यापीठांचा नवा कायदा झाला. फेलोंची संख्या कमी केली, मुदत पाच वर्षांची केली, आणि त्यांतले बहुतेक सरकारनेच नेमायचे असे ठेवले. कोणते कॉलेज विद्यापीठाला संलग्न करावे आणि कोणाची संलग्नता काढावी, याचा शेवटचा शब्द सरकारचा ठरला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी या कायद्याला कौन्सिलात कसून विरोध केला. गोखले हे बोलत होते ते ऐकीव माहितीवर नव्हे. महिना पंचाहत्तर रुपयांवर त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात वर्षानुवर्षे शिकवले होते. पुढे १९०७ साली सरकारी परिपत्रक निघाले. विद्यार्थी आणि शिक्षक राजकारणात पडले, तर संस्थेचे अनुदान आणि संलग्नता धोक्यात येईल, असा त्याचा रोख होता. कोणाला तुरुंगात घालायची गरज नाही. नुसती किल्ली खुळखुळवली तरी पुरे.

अशा दिवसांत आपल्याकडच्या माणसांनी काय केले? दोन वाटा दिसतात, आणि दोन्ही शिकण्यासारख्या आहेत.

पहिली वाट डेक्कन एज्युकेशन सोसायटीची. १८८४ साली संस्था निघाली आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. त्यांनी अनुदानही घेतले आणि मुंबई विद्यापीठाची परीक्षाही मानली. कॉलेजला नाव तर गव्हर्नरांचेच दिले. पण तिसरी किल्ली त्यांनी स्वतःकडे ठेवली. संस्थेचा कारभार शिक्षकांनीच चालवायचा, थोड्या पगारावर वीस वर्षे सेवा करण्याचे वचन द्यायचे; त्यांना 'आजीव सदस्य' म्हणत. मालक वेगळा आणि नोकर वेगळा, हा भेदच त्यांनी ठेवला नाही. तिथे वाद झाले नाहीत असे नाही. बाहेरची कमाई घ्यावी की न घ्यावी, पगार सगळ्यांना सारखा असावा की नसावा, यांवर मतभेद होऊन लोकमान्य टिळक १८९० साली संस्थेतून बाहेर पडले. यातून एक गोष्ट शिकावी. परक्याचा हात नसला म्हणजे भांडण मिटले असे होत नाही. आपला कारभार आपण करू म्हणणाऱ्याला पैशाचे आणि कामाचे नियम आणखी स्वच्छ ठेवावे लागतात.

दुसरी वाट महर्षी कर्व्यांची. १९१६ साली त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. सरकारची सनद नव्हती, की कायद्याची मान्यता नव्हती. शिकवण्याचे माध्यम मातृभाषा, आणि अभ्यासक्रम स्वतः आखलेला. म्हणजे परीक्षेची किल्लीच त्यांनी नवी घडवली. आणि पाहा कसा योग : मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांतले डॉ. भांडारकर हेच या नव्या विद्यापीठाचे पहिले कुलपती झाले. १९२१ साली पहिल्या पाच स्त्रिया पदवीधर झाल्या. आधी, १९२० साली, सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला मिळाले. पण कायद्याने पूर्ण मान्यता मिळायला १९५१ साल उजाडले. म्हणजे पस्तीस वर्षे! तेवढा काळ सरकारमान्य शिक्का नसलेली पदवी घेऊन त्या मुली जगात वावरल्या. स्वातंत्र्य फुकट मिळत नाही, मंडळी. कोणीतरी त्याची किंमत मोजत असते, आणि पुष्कळदा ती विद्यार्थी मोजतो. "डिग्री चालंल न्हवं?" हा त्या पालकांचा प्रश्न शंभर वर्षांचा जुना आहे, तो असा.

इथे बंगालची एक हकिकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२२ साली कलकत्ता विद्यापीठ पैशाच्या अडचणीत होते. प्रांतिक सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले, पण अटी घातल्या. कुलगुरू सर आशुतोष मुखर्जी आणि विद्यापीठाची सिनेट यांनी त्या अटी मानल्या नाहीत. पुढच्या वर्षी गव्हर्नरने त्यांना कुलगुरुपद पुन्हा देऊ केले, पण सरकारच्या कलाने वागावे अशा अपेक्षेने. आशुतोषबाबूंनी ते पद नाकारले. लक्षात घ्या, १९२१ पासून प्रांतांत शिक्षणखाते हिंदी मंत्र्यांच्या हाती आले होते. म्हणजे किल्ली आता काही अंशी आपल्याच माणसांच्या कमरेला होती. तरी ओढाताण तीच!

मग १९४७ साल आले. राज्य आपले झाले. आता कुलूप बदलेल असे वाटले होते. पण कुलूप तेच राहिले. किल्ली तेवढी दुसऱ्याच्या हातात गेली. याचे उदाहरण आपल्या साताऱ्यातच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. बहुजनांच्या पोरांना वसतिगृहात ठेवून, श्रम करायला लावून, स्वाभिमानाने शिकवले. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. आणि १९४८ साली, भाऊरावांच्या सार्वजनिक वक्तव्यावरून, तेव्हाच्या मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. अनुदान पुढे सुरू झाले, संस्थाही वडासारखी पसरली. पण मधल्या काळात शिक्षा कोणाला झाली? भाषण केलेल्या माणसाला नव्हे. ज्यांच्या ताटात त्या पैशाने भाकरी पडायची, त्या पोरांना. साहेबाने बनवलेली किल्ली साहेब गेल्यावरही तितकीच चालते, हे त्यावरून कळावे.

याच सुमारास, १९४८-४९ मध्ये, डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने स्पष्ट बजावले होते की, उच्च शिक्षणाला पैसा देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. पण पैसा दिला म्हणून विद्येवर ताबा सांगू नये. १९५६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाला कायद्याने स्थान मिळाले. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने सुचवले की, चांगल्या कॉलेजांना स्वतःचा अभ्यासक्रम आखण्याची आणि स्वतःची परीक्षा घेण्याची मोकळीक द्यावी. 'स्वायत्त महाविद्यालय' ही कल्पना तिथली. १९७८ साली तमिळनाडूत पहिली काही कॉलेजे स्वायत्त झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर संलग्नतेची पद्धत टप्प्याटप्प्याने, पंधरा वर्षांत, संपवावी असे म्हटले आहे.

आणि गंमत ऐका. ज्या लंडन विद्यापीठाची आपण नक्कल केली, त्याचा कायदा १८९८ सालीच बदलला आणि १९०० पासून ते स्वतः शिकवणारे विद्यापीठ झाले. धन्याने जुना अंगरखा टाकून दिला. आपण मात्र तो धुऊन-धुऊन सव्वाशे वर्षे वापरतो आहोत. एकेका विद्यापीठाला शेकडो कॉलेजे जोडलेली, आणि लाखो उत्तरपत्रिका एका ठिकाणी. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने संगणकावर तपासणी सुरू केली तेव्हा निकाल कित्येक आठवडे रखडले, पुढच्या प्रवेशांची वेळ निघून चालली, आणि अखेर कुलगुरूंना पद सोडावे लागले. यात एका माणसाची चूक किती आणि गाड्यावर लादलेल्या ओझ्याचा दोष किती, याचा विचार करावा.

आता माझ्या वर्गातली एक गोष्ट. मी इतिहास शिकवतो. दहा-बारा वर्षांपूर्वी दोन मुलींनी आपापल्या गावात फिरून १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी गोळा केल्या. कोणाच्या आजीने खडी फोडली होती, कोणी पाझर तलावावर पाट्या वाहिल्या होत्या, सुकडी कशी वाटायचे, बैल कोणत्या भावाने विकले. दोन जाड वह्या भरल्या. मला अभिमान वाटला. त्यांतली एक वही मिटून मुलीने विचारले, "सर, ह्याला मार्क किती?" मी गप्प झालो. त्या अभ्यासक्रमात त्या वहीला जागाच नव्हती. प्रश्नपत्रिका दुसरीकडे निघत होती, आणि ती काढणाऱ्याला आमच्या गावचा पाझर तलाव माहीत नव्हता. त्या दोघींनी परीक्षेपुरत्या छापील नोट्स पाठ केल्या आणि पास झाल्या. वह्या अजून माझ्या कपाटात आहेत.

माझा एक मित्र स्वायत्त कॉलेजात आहे. तो सांगतो, तिथे असा विषय अभ्यास मंडळापुढे ठेवला आणि पुढच्या सत्रात तो सुरूही झाला. ऐकून हेवा वाटला. पण तोच मित्र दुसरी गोष्टही सांगतो. परीक्षा आपल्याच हातात आली की, गुण सैल सोडण्याचा मोहही आपल्याच दारात येतो. निकाल शंभर टक्के लागला म्हणजे जाहिरात चांगली होते. आणि अध्यक्षांच्या पाहुण्याचा मुलगा वर्गात असला तर? त्या वेळी दूरच्या, अनोळखी परीक्षकाची आठवण येते. सुरुवातीला मी जो गुण ध्यानात ठेवायला सांगितला, तो हाच.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. किल्ली मंत्रालयातून काढून संस्थाचालकाच्या खिशात टाकली, तर ती स्वायत्तता नव्हे. तो नुसता किल्लीचा खांदेपालट झाला. जो शिकवतो त्याला काय शिकवावे आणि कसे तपासावे हे ठरवता आले पाहिजे, आणि त्याने काय केले हे ज्याच्यासाठी केले त्याला विचारता आले पाहिजे. हे दोन्ही मिळून स्वायत्तता. पहिले असून दुसरे नसेल तर मनमानी होते. दुसरे असून पहिले नसेल तर हमाली होते.

आता त्या काकांच्या प्रश्नांची सरळ उत्तरे. स्वायत्त कॉलेजची पदवी चालते. ती मूळ विद्यापीठच देते आणि तिच्यावर कॉलेजचेही नाव असते. स्वायत्त झाले म्हणून चालू अनुदान आपोआप बंद होत नाही. मात्र नवे अभ्यासक्रम पुष्कळदा स्वयंअर्थसहाय्यित असतात, आणि त्यांची फी जास्त असते. म्हणून अर्ज भरण्याआधी विचारा : हा विषय अनुदानित आहे की विनाअनुदानित? तीन वर्षांची मिळून फी किती? शिक्षक कायम किती आणि तासिका तत्त्वावर किती? पेपर तपासायला बाहेरचे परीक्षक येतात का? फेरतपासणीची सोय आहे का? हे विचारण्यात भीड बाळगू नका. बैल घेताना आपण दात बघतो. मग मुलीची तीन वर्षे देताना का लाजावे?

आणि शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात 'महाविद्यालय विकास समिती' सांगितली आहे. तिच्यात संस्थेचे पदाधिकारी आणि प्राचार्य असतात, तसेच शिक्षकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी, गावातले जाणकार, माजी विद्यार्थी आणि विद्यार्थी परिषदेची मुलेही असतात. अंदाजपत्रकापासून कॉलेजच्या पुढच्या आराखड्यापर्यंतचे विषय तिच्यापुढे यायचे असतात. कायद्याने एवढे दार उघडले आहे. पण कित्येक ठिकाणी बैठकीचे इतिवृत्त आधी लिहून तयार असते आणि सह्या मागून घेतल्या जातात. अशा वहीवर मुकाट्याने सही करणाऱ्या शिक्षकाने मग कर्झनला नावे ठेवू नयेत. फेलो सरकारने नेमले होते. आपल्याला तर आपल्या सहकाऱ्यांनी निवडून दिले आहे.

त्या काकांची मुलगी शेवटी त्या स्वायत्त कॉलेजातच गेली. काकांनी जाऊन आधी विचारपूस केली, मगच अर्ज भरला. परवा एस. टी. स्टँडवर भेटले. म्हणाले, "सर, तिथल्या सायबाला समदं इचारलं. आधी जरा तडकला, मग कागुद काढून दावला."

मला बरे वाटले. कागद काढून दाखवावा लागला, हेच महत्त्वाचे. तुम्हीही विचारा.